औषधाला मंजुरी होती, म्हणून दावा चालत नाही?

बार्शीच्या एका शिक्षिकाताईंचं पत्र आहे. आईचं युरिक ॲसिड वाढलं म्हणून डॉक्टरांनी ॲलोप्युरिनॉल लिहून दिलं. अठराव्या दिवशी छातीवर पुरळ आलं. घामोळं समजून गोळी आणखी चार दिवस चालू राहिली. मग ताप आला, तोंडात फोड आले, अंगाची सालं निघू लागली. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे औषधाची जीवघेणी रिॲक्शन. सोलापूरला तेवीस दिवस दवाखान्यात काढून आई वाचल्या, पण बुबुळांवर व्रण राहिले; आता मेथी निवडताना काडी कोणती आणि पान कोणतं ते त्यांना दिसत नाही. कंपनीशी दीड वर्ष ईमेल चालले आणि शेवटी उत्तर आलं : औषध सरकारमान्य आहे, अमेरिकी न्यायालयांनीही मंजुरी ग्राह्य धरली आहे, सबब कंपनी जबाबदार नाही.

ताई, मंजुरी असली तरी दावा चालतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ मध्ये उत्पादकाची जबाबदारी सांगितली आहे. वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा न देणं हेही त्यात येतं. सरकारी मंजुरी मिळाली की जबाबदारी संपते, असं कायद्याच्या त्या प्रकरणात कुठेही लिहिलेलं नाही.

आणि ते नसावंच, असं माझं स्पष्ट मत आहे. मंजुरी मिळते ती कंपनीनेच सादर केलेल्या कागदांवर. हजारोंत एखाद्याला होणारी रिॲक्शन चाचणीत सापडतेच असं नाही. ती कळते औषध घरोघरी गेल्यावर, आणि तक्रारी सर्वांत आधी पोचतात कंपनीकडेच. शिक्का म्हणजे सुरक्षिततेची हमी, हे निदान महाराष्ट्रात तरी कुणी सांगू नये. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण गेले, आणि त्याची चौकशी करणाऱ्या लेंटिन आयोगाने आपल्या एफडीएच्या, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कारभारावर किती कडक ताशेरे ओढले, ते इथल्या वकिलांना पाठ आहे.

अमेरिकेचा दाखला अर्धवट आहे. 'वायेथ विरुद्ध लेव्हिन' खटल्यात मळमळीच्या इंजेक्शनमुळे एका गिटारवादक बाईंचा हात कापावा लागला होता. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामकाने) लेबल मंजूर केलं होतं हा कंपनीचा बचाव तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी फेटाळला. जेनेरिक कंपन्यांना (मूळ ब्रँडच्या औषधाची नक्कल बनवणाऱ्यांना) २०११ मध्ये सूट मिळाली हे खरं, पण कारण वेगळं : तिथे जेनेरिकवाल्याला मूळ ब्रँडचंच लेबल छापावं लागतं, स्वतःहून बदलता येत नाही. मिशिगन राज्याने मात्र १९९५ मध्ये कायदा करून मंजुरीलाच कवच बनवलं होतं. तो कायदा २०२३ मध्ये त्यांनीच रद्द केला.

तुमचा दावा अडला तर तो कलम ८७, पोटकलम २ च्या तिसऱ्या खंडात अडेल. कंपनीने तो तुम्हाला सांगितला नाही, ग्राहक आयोगापुढे मात्र पहिला तोच येईल. जे उत्पादन कायद्याने तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं, त्याचा इशारा तज्ज्ञापर्यंत पोचवण्यासाठी कंपनीने वाजवी प्रयत्न केले असतील, तर इशारा न दिल्याबद्दल ती जबाबदार राहत नाही. ॲलोप्युरिनॉल शेड्यूल एचमध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत आहे, म्हणजे पहिली अट पुरी झाली. सगळं प्रकरण आता 'वाजवी प्रयत्न' या दोन शब्दांवर उभं आहे.

पुरळ दिसताच गोळी बंद करा, हा या औषधाचा सर्वांत महत्त्वाचा इशारा. तो खोक्यातल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरात असतो. तुमच्या हातात आली कात्रीने कापलेली अर्धी स्ट्रिप. खोकं आणि कागद दुकानातच राहिले. कंपनी म्हणेल, आमचं नातं डॉक्टरांशी. ठीक आहे, मग डॉक्टरांना काय दिलं, कधी दिलं, एमआरने (कंपनीच्या प्रतिनिधीने) कोणता कागद टेबलावर ठेवला, ते दाखवा. हे कागद हजर करण्याचा अर्ज तक्रारीसोबतच द्या. आणि डॉक्टरांनाही सामनेवाले (तक्रारीतले प्रतिपक्ष) करा. कंपनीने कळवलं नव्हतं असं त्यांनी शपथेवर सांगितलं, तर कंपनीची ढाल गळून पडते. कळवलं होतं असं निघालं, तर आईला का सांगितलं नाही याचं उत्तर डॉक्टरांना द्यावं लागेल. इशारा पुढे न पोचवणाऱ्या विक्रेत्यासाठी कलम ८६ आहे, पण केमिस्टला ओढायचं का आणि भरपाई किती मागायची, हे कागद पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.

आता रागावतो. कलम ६९ प्रमाणे मुदत दोन वर्षांची. ईमेल करत बसल्याने ती एक दिवसही वाढत नाही. 'गोळीमुळेच झालं हे आम्हाला या मार्चमध्ये कळलं' असं तुम्ही लिहिता, पण सोबत जोडलेल्या डिस्चार्ज कार्डाच्या दुसऱ्याच ओळीत ॲलोप्युरिनॉलचं नाव आहे आणि निदानाची तारीख ६ जून. ते कार्ड घरात कुणीच वाचलं नाही? गोव्यातल्या एका सरकारी नर्सच्या पोटात शस्त्रक्रियेनंतर कापडी गॉज राहिला होता. नऊ वर्षांनी तो सापडला. सापडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिने तक्रार केली, तरी २०१० मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरवली, कारण इतकी वर्षं दुखत असताना तिने चौकशी करायला हवी होती. तुमच्या हातात तर लेखी निदान होतं. ६ जूनला दोन वर्षं भरतात. त्याआधी तक्रार दाखल करा. विलंबमाफीच्या अर्जावर विसंबू नका.

तक्रार सोलापूरच्या जिल्हा आयोगातच चालेल, कारण तुम्ही या जिल्ह्यात राहता. तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. मी चालवलेल्या एका तक्रारीत नोटीस बजावण्यातच चौदा महिने गेले, आणि तक्रारदार बाई निकालाआधी वारल्या. म्हणून आईंची साक्ष शपथपत्रावर पहिल्याच दिवशी द्या.

स्ट्रिप फेकली, बिलही नाही. बॅच नंबर आता एकाच जागी मिळेल : केमिस्टच्या बिलबुकाच्या कार्बन कॉपीत. शेड्यूल एचच्या विक्रीची ती नोंद त्याला किमान दोन वर्षं जपावी लागते, म्हणजे तीही जायच्या बेतात आहे. उद्या सकाळी दुकान उघडताच जा, पान समोर काढायला लावा आणि सही-शिक्क्याची प्रत घेऊनच बाहेर पडा.