"मॅडम, मुलगी आता मला मानत नाही"

हे वाक्य इंदूरमधे समुपदेशन करताना मी इतक्या वडिलांकडून ऐकलंय की त्याच्या पुढचं पण पाठ झालंय, "काय कमी केलं हो मी यांच्यासाठी?" म्हणून आज एक केस लिहितेय. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

रामबागेकडचं कुटुंब. बाबांची पन्नाशी उलटलेली, गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशोब वीस वर्षं यांच्याकडे, एका रुपयाचा घोळ नाही, भावाभावांत वाटणीवरून वाजलं की लोक यांनाच बोलावणार. मुलगी इंग्लिशमधे एमए करणारी, तिचा लाडका ॲटिकस फिंच, हार्पर लीच्या १९६० च्या कादंबरीतला वकील, अलाबामातल्या गावात खोट्या आरोपात अडकलेल्या काळ्या माणसाची केस लढणारा, तोंडावर थुंकणाऱ्यावरही हात न उचलणारा. मैत्रिणींना सांगायची, आमचे बाबा सेम तसेच.

मग बिल्डिंगची मीटिंग झाली, एका मुस्लिम कुटुंबाला फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही असं ठरलं आणि बाबा गप्प बसले. मुलगी मागेच उभी होती. त्यानंतर तीन महिने घरात फक्त हो आणि नाही.

पहिले काही सेशन बाबांनी स्वतःचीच वकिली केली. बहुमत होतं, मी एकटा काय करणार, तू संसार करशील तेव्हा कळेल वगैरे. मुलगी पंख्याकडे बघत बसायची. मी पुस्तकं सहसा मधे आणत नाही, पण इथे आणलं (आणि सुचलं म्हणून स्वतःवर खुशही झाले, खोटं कशाला बोलू). तिला म्हटलं, २०१५ ला आलेलं लीचं दुसरं पुस्तक वाचलंस? त्यात हाच ॲटिकस वर्णभेदवाल्यांच्या सभेत बसलेला त्याच्याच मुलीला दिसतो.

"अर्धं वाचून टाकून दिलं मी ते."

"शेवट वाचून ये." शेवटाकडे ती मुलगी बापाला वाट्टेल ते बोलते, आणि बाप म्हणतो, मला तुझा अभिमान वाटतो.

पुढच्या वेळी बाबा परत बहुमतावर आले तेव्हा मी थांबवलं. "कारण नको. त्या मिनिटाला पोटात काय झालं तेवढं सांगा."

बराच वेळ नुसता कूलरचा आवाज.

"घाबरलो. मंडळातून बाजूला काढतील वाटलं. वीस वर्षं लोक नमस्कार करतात हो, सवय लागते."

मुलगी पहिल्यांदा त्यांच्याकडे वळली. "बाबा, मला वाटलं तुम्हाला ते पटलंच होतं."

तीन महिन्यांची गाठ ही इथे होती! गप्प बसणं तिने एक वेळ पोटात घातलं असतं, वरून चढवलेला मुलामा सहन होत नव्हता. माझ्या मते मुलांच्या मनातला बाप कधीतरी उतरतोच आणि उतरायलाच हवा, त्याशिवाय त्यांना स्वतःचं बरंवाईट ठरवता येत नाही. तेव्हा वडीलमंडळींनो, मुलाने असं पकडलं की आईला मधे घालू नका, नवा फोन आणून विषय बुडवू नका, आणि जुने उपकार तर मुळीच मोजू नका, सरळ सांगा की चुकलो, घाबरलो, लाज वाटली, जे असेल ते, आणि मग ती रागावली तर रागावू द्या, लगेच माफी पदरात पडावी अशी घाई नको.

त्या कुटुंबाने तोवर दुसरीकडे घर बघितलं होतं, त्यामुळे फ्लॅटचं काही सुधारता आलं नाही. मुलगी अजून जेवताना मधेच टोमणा मारते. बाबा ऐकून घेतात, आणि पोळी वाढ म्हणतात.