एवढे मॉडर्न आर्टिस्ट सेंट आइव्हज या छोट्याशा गावात का जाऊन राहिले?

इंग्लंडच्या पार नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधलं हे कोळ्यांचं गाव. तिथला उजेड भारी, तीन बाजूंनी समुद्र, हे कारण सगळे सांगतात आणि ते खरंच आहे, पण मला विचाराल तर खरी गोष्ट आल्फ्रेड वॉलिसची. हा तिथला म्हातारा आधी मासेमारी करायचा, नंतर भंगाराचा धंदा, बायको गेल्यावर सत्तरीच्या आसपास एकटेपणा घालवायला चित्रं काढायला लागला, तेही होड्यांना लावायच्या रंगाने, खोक्यांच्या वेड्यावाकड्या पुठ्ठ्यांवर, आणि जे महत्त्वाचं वाटेल ते मोठं काढायचं, मग बाकीचं कितीही लहान होवो. 1928 मध्ये बेन निकल्सन आणि ख्रिस्तोफर वुड हे दोन तरुण चित्रकार त्याच्या दारावरून जाताना थबकले, आत भिंतीवर चित्रंच चित्रं. निकल्सनवर त्याचा फार परिणाम झाला.

पुढे 1939 मध्ये युद्ध तोंडावर आलं म्हणून निकल्सन आणि त्याची बायको, शिल्पकार बार्बरा हेपवर्थ, पोरांना घेऊन लंडनहून तिकडे गेले, पाठोपाठ शिल्पकार नाउम गाबो. हेपवर्थ तर शेवटपर्यंत तिथेच राहिली. तिचं 1946 चं पेलागोस हे शिल्प बघाच, लाकूड आतून कोरून लाटेसारखं वळवलंय आणि मधे ताणलेल्या दोऱ्या, समुद्र आणि आपल्यातला ताण तिला त्यात दाखवायचा होता. आणि वॉलिस मात्र 1942 मध्ये वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायच्या जागी, गरिबीतच गेला, याचं फार वाईट वाटतं.