स्पाइट म्हणजे द्वेष नव्हे, आकस

अकरावीतल्या भाचीचा प्रश्न: "मामा, डिक्शनरीत 'स्पाइट' म्हणजे द्वेष दिलंय. मग 'इन स्पाइट ऑफ रेन' म्हणजे काय, पावसाचा द्वेष असून?" हसू आलं, पण शंका रास्त आहे.

द्वेष फार मोठा पडतो. तो मनात ठेवून माणूस जन्मभर गप्प बसू शकतो. स्पाइटला काहीतरी करून दाखवावं लागतं, तेही बारीकसंच. करणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही, समोरच्याला टोचलं की झालं.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे वेगळं सांगायला नको. आमच्या जुन्या बोळात एका काकूंचं आईशी वाजलं होतं, वाळत घातलेल्या चादरीवरून. पुढच्या पाण्याच्या दिवशी त्यांची टाकी भरून गच्चीवरून धार लागली तरी मोटर बंद होईना. पाणी गटारात, आमच्या नळाला नुसती फुसफुस. आई म्हणाली, "मुद्दाम करालीय बघ."

'आउट ऑफ स्पाइट'ला बोलीत हा 'मुद्दाम' पुरतो. लिहिताना 'आकसापोटी', 'आकसाने'. बातमीत 'आकसाने बदली केली' असतं ना, तोच. खुन्नस चालणार नाही. ती समोरासमोर, डोळ्यांत दिसते. डूख नागासारखा धरून ठेवायचा असतो. 'स्पाइटफुल' शेऱ्याला मात्र 'कुजकट' फक्कड बसतो.

'स्पाइट'च्या इंग्रजी म्हणीत चेहऱ्यावर राग काढायला स्वतःचंच नाक कापतात. आपल्याकडे 'आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन'. दोन्हीकडे नाकच! आपली म्हण मला जास्त आवडते, कारण आपला माणूस नाक कापून घरी बसत नाही, शेजाऱ्याला आडवा जातो.

आता पाऊस. लॅटिनमध्ये 'देस्पेक्तुस' म्हणजे वरून खाली पाहणं, तुच्छ लेखणं. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'देस्पित', तिथून इंग्रजीत 'डिस्पाइट', आणि सुरुवातीचा 'डि' गळून 'स्पाइट'. 'डिस्पाइझ' याच घरातलं. म्हणजे 'इन स्पाइट ऑफ'मध्ये आकस नाहीच, जुनी तुच्छता आहे: पावसाला किंमत न देता.

तेव्हा भाचीबाई, 'पाऊस असूनही मॅच झाली' लिहिलंस तरी मार्क मिळतील. मी असतो तर 'पावसाला न जुमानता' लिहिलं असतं.