पडवीच्या खांबांसाठी लाकूड निवडताना

कोकणात उघड्यावर खांब उभे करणार असाल तर नुसत्या 'सागवान' शब्दावर भुलू नका. कापलेलं टोक बघा. टिकतो तो मधला तपकिरी गाभा. कडेचा पांढरट भाग सागाचा असला तरी वाळवी आणि बुरशी खातेच, तो तासून घ्या.

खांब जमिनीत पुरू नका. काँक्रीटच्या उंचवट्यावर गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) लोखंडी पट्टीची बैठक करून बुडाखाली 25 मिमी फट ठेवा. पाणी जास्त शिरतं कापलेल्या टोकांतून, म्हणून तिथे लाकडाला लावायच्या तेलाचे तीन हात, बाकी अंगाला दोन. व्हार्निश नकोच! उन्हात तडकतं, भेगांतून ओल आत अडकते, मग सगळं खरवडत बसा. तेल दरवर्षी मे महिन्यात, लाकूड खडखडीत वाळलेलं असताना. समुद्राजवळ स्क्रू 316 स्टेनलेसचे, म्हणजे खाऱ्या हवेत सहजी न गंजणाऱ्या स्टीलचे. साधे खिळे गंजून सागावर काळे डाग पाडतात.