नायट्याची बुरशी डीएनएवरून ओळखायची आहे ना?

तर मशीनच्या आधी खरवडायला शीक. नायट्याच्या चकंदळाचा मधला भाग बरा होत आलेला असतो, जोमदार बुरशी लालसर कडेला असते. ७० टक्के अल्कोहोलने पुसून, वाळू देऊन कडेचेच कोंडे बोथट पात्याने काढ आणि काळ्या कागदाच्या पुडीत ठेव. आपल्या गोव्यात पावसाळ्यात हवा एवढी दमट, की बंद प्लास्टिकच्या डबीत बाकीचे जंतू माजतात. आणि मेडिकलमधून आणून कोणतं मलम लावलं, हे जरूर विचार! स्टेरॉइडमुळे ती कडच पुसट होते.

कोंड्यावर पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू बघायचं सोडू नकोस. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तपासणीत, मेलेल्या बुरशीचा डीएनएही उमटतो, म्हणून एकट्या तिच्यावर विसंबू नकोस.

आयटीएस भागाचा (बुरशीची प्रजाती ओळखायला वाचतात त्या डीएनएच्या तुकड्याचा) क्रम मिळाला की डेटाबेसमधलं पहिलंच नाव उचलू नकोस. ट्रायकोफायटन इंडोटिनी ही स्वतंत्र प्रजाती म्हणून २०२० मध्ये नोंदली गेली, त्यामुळे जुन्या नोंदींत तीच मेंटाग्रोफायटिस किंवा इंटरडिजिटेल म्हणून बसलेली आहे. प्रमाण नमुन्याच्या क्रमाशी ताडून बघ, एकेका अक्षराचा फरक इथे मोलाचा असतो.

टर्बिनाफिन हे नायट्यावरचं औषध लागू पडेल का, हे मात्र आयटीएस सांगत नाही. त्यासाठी स्क्वालीन इपॉक्सिडेजचा, म्हणजे हे औषध बुरशीच्या ज्या एन्झाइमला अडवतं त्याचा, जनुक वाचावा लागतो. त्या एन्झाइमच्या ३९७व्या जागी फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसिन दिसलं, तर औषध सहसा लागू पडत नाही; डॉक्टरांना त्याच दिवशी फोन कर. रुग्ण महिनोन्महिने उपयोग नसलेल्या गोळ्या खात असतो गं.

आणि प्रत्येक पीसीआरला नमुना न घातलेली एक नळी हवीच. तिच्यात डीएनएचा पट्टा उमटला, तर कुठून तरी भेसळ झाली आहे, त्या दिवशीचे सगळे निकाल बाद.