बोट लागते म्हणून मालवण टाळू नका

पहिल्यांदाच स्नॉर्कलिंगला निघालात आणि बोट लागायची धास्ती आहे, तर सकाळची पहिली फेरी घ्या. दुपारी खारा वारा सुटला की लाटा वाढतात.

उपाशी पोटी मुळीच जाऊ नका, हे मी प्रत्येकाला बजावतो. पण मिसळ, वडे, भरपूर चहाही नको. तासभर आधी दोन घावणे किंवा कोरडी पोळी पुरते. गोळी घ्यायची तर अर्धा-एक तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. ॲव्होमिनने झोप येते, त्यामुळे पाण्यात उतरणार असाल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

होडीत मधोमध बसा. नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकाला, आपटे जास्त बसतात, मागे इंजिनाचा धूर. कानातला तोल सांभाळणारा भाग हालचाल सांगतो आणि डोळ्यांना ती दिसत नाही, म्हणून डोकं गरगरतं. मोबाईल खिशात ठेवा, नजर क्षितिजावर किंवा किल्ल्याच्या तटावर.

खरा त्रास होडी थांबल्यावर होतो. नांगर टाकला, इंजिन बंद झालं की ती जागच्या जागी डोलू लागते, आणि तेव्हाच सगळे वाकून मास्क, फिन्स चढवत बसतात. तुम्ही मास्क आधीच बेतून घ्या.

मळमळून तोंडाला पाणी सुटलं, घाम फुटला की लगेच तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, सांगा. लाजू नका, त्यांना सवय असते. आल्याची वडी चघळा. उलटी आलीच तर वारा पाठीवर घेऊन, कठडा घट्ट धरून करा. मग चूळ भरून घोटघोट पाणी प्या.