कागदावरची एक जून आणि मेडिकेअर

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळचा परभणी जिल्ह्यातला, आता एडिसनला. ३१ जानेवारी २०२६ ला नोकरी सोडली. कंपनीनं कोब्राचे कागद पाठवले, ते भरून दिले. म्हणजे तोच जुना विमा अठरा महिने, जुलै २०२७ पर्यंत, फक्त हप्ता सगळा आपल्या खिशातून. कागदोपत्री माझी जन्मतारीख १ जून १९६१ आहे, पण आई सांगायची की माझा जन्म दिवाळीच्या पाडव्याचा. म्हणजे खरी पासष्टी नोव्हेंबरात. सोशल सिक्युरिटी, म्हणजे इथली सरकारी पेन्शन, सदुसष्टाव्या वर्षी घ्यायची ठरवली आहे. मग कोब्रा संपेपर्यंत मेडिकेअरच्या, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, भानगडीत पडलं नाही तर चालेल ना? बायको बासष्ट वर्षांची आहे. मला डायबेटिस आहे, आणि दर हिवाळ्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्ही पुण्याला असतो.
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : नाही चालणार. एवढं तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी ईमेलनं कळवलं होतं. बाकीचं इथं लिहिते, कारण हाच प्रश्न गेल्या वर्षभरात तिघांनी फोनवर विचारला.

आधी जन्मतारखेचं. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर १ जूनला केकच्या चित्रांचा पाऊस पडतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजींनी वय बसेल अशी तारीख टाकून पोराला पहिलीत बसवलं, तीच पुढे दाखल्यावर, पासपोर्टवर आणि इथल्या सोशल सिक्युरिटीत आली. आमच्या ह्यांचीही एक जूनच. सासूबाईंच्या मते ते नागपंचमीचे. पण सरकारदरबारी नागपंचमी नाही की पाडवा नाही, जी नोंद तीच तारीख.

त्यात आणखी एक गंमत आहे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेल्याचं वय आदल्या दिवशी पूर्ण झालं असं इथं धरतात. म्हणजे तुम्हाला पासष्ट पूर्ण होणार ३१ मे २०२६ ला, आणि मेडिकेअर लागू होणार मेच्या एक तारखेपासून. नाव नोंदवायला सात महिने मिळतात : पासष्ट पूर्ण होतात तो महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन. तुमचे ते फेब्रुवारीत सुरूसुद्धा झाले, ऑगस्टअखेर संपतील. एप्रिल संपायच्या आत नोंदवलंत तर १ मेपासून संरक्षण. उशीर केलात तर नोंदवल्याच्या पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून.

सदुसष्टचं वय सोशल सिक्युरिटीचं. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण रक्कम सदुसष्टला मिळते, पण मेडिकेअर पासष्टवरच थांबलेलं आहे. सोशल सिक्युरिटी आधीच चालू असेल तर मेडिकेअरचं कार्ड आपोआप घरी येतं. तुमची चालू नाही, तेव्हा कुणी आठवण करून देईल याची वाट बघू नका.

आता कोब्रा. पासष्टीनंतरही तुम्ही (किंवा बायको) नोकरीत असता, कंपनीत वीस किंवा जास्त माणसं असती आणि विमा त्या चालू नोकरीचा असता, तर थांबता आलं असतं; नोकरी सुटल्यावर पुढचे आठ महिने मिळाले असते. कोब्रा हा सोडलेल्या नोकरीचा विमा. कार्ड तेच, नंबर तोच, डॉक्टर तेच, म्हणून माणूस फसतो.

आम्ही फसलो. मी बावीस वर्षं मेडिकल बिलिंगमध्ये काढली, तरी फसलो! कारण मी होते लहान मुलांच्या डॉक्टरांकडे. तिथं मेडिकेअरचा पेशंट येणार कुठून? हे मे २०१७ मध्ये निवृत्त झाले. कोब्रा घेतला, महिन्याच्या महिन्याला चेक पाठवत राहिलो. फेब्रुवारी २०१८ मध्ये ह्यांचं पित्ताशय काढावं लागलं. मार्चच्या मध्यावर एक जाड पाकीट आलं. चार पानं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ओळ होती : मेडिकेअरनं जेवढे दिले असते तेवढे वजा करून. म्हणजे काय, तर ज्या दिवसापासून मेडिकेअर मिळू शकत होतं त्या दिवसापासून ते पहिल्या नंबरचं आणि कोब्रा दुसऱ्या नंबरचा. आम्ही पहिलं घेतलंच नव्हतं, तरी ते आहे असं धरून त्यांनी उरलेला तुकडा दिला आणि जवळपास अकरा हजार डॉलर आमच्या गळ्यात घातले. मी दोनदा अपील केलं. दोन्ही वेळा उत्तर नियमाला धरून होतं, हेच जास्त झोंबलं.

तुमचा हिशेब मांडून दाखवते. समजा ऑगस्ट हुकला आणि तुम्ही कोब्रा संपेपर्यंत बसून राहिलात. जुलै २०२७ ला कोब्रा संपेल. नंतर नोंदणीची खिडकी उघडते ती थेट जानेवारी ते मार्चमध्ये. जानेवारी २०२८ मध्ये नाव घातलंत तर फेब्रुवारीपासून विमा. मधले सहा महिने ना कोब्रा ना मेडिकेअर, फार तर बाजारातला एखादा महाग प्लॅन. वर एक पूर्ण वर्ष उशीर झाला म्हणून पार्ट बीच्या (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) हप्त्यावर दहा टक्के दंड, आणि तो पार्ट बी असेपर्यंत दर महिन्याला.

तेव्हा याच आठवड्यात सोशल सिक्युरिटीच्या साइटवर जा आणि फक्त मेडिकेअरसाठीचा अर्ज भरा. पेन्शन आता नको असं तिथं सांगता येतं. तुमची इथली चाळीस तिमाहींची नोकरी झालेली असेल, तर हॉस्पिटलचा पार्ट ए बिनहप्त्याचा. पार्ट बीचा २०२६ चा नेहमीचा हप्ता महिना २०२.९० डॉलर. नवरा-बायकोचं मिळून २०२४ चं उत्पन्न २ लाख १८ हजार डॉलरच्या वर असेल तर जास्त आकारतील. पण तुम्ही नोकरी सोडलेली आहे, तर एसएसए-४४ हा फॉर्म भरून आताचं उत्पन्न धरायला सांगा. लोक हा फॉर्म भरत नाहीत आणि वर्षभर कुरकुरतात. कोब्रा सोडलात की औषधांसाठी पार्ट डीही लगेच घ्या, तिथं ६३ दिवस किंवा त्याहून जास्त खंड पडला तर वेगळा दंड आहे.

वहिनींचं. मेडिकेअरमध्ये कुटुंब नावाची गोष्ट नाही, ज्याचं त्याचं. तुम्ही कोब्रातून बाहेर पडलात तरी त्या जुलै २०२७ पर्यंत त्यात एकट्या राहू शकतात. तो संपला की साठ दिवसांत राज्याच्या मार्केटप्लेसमधून, म्हणजे सरकारी विमाबाजारातून, विमा घ्यायचा. त्यांच्या स्वतःच्या चाळीस तिमाही भरल्या नसतील तरी पासष्टीला तुमच्या नोंदीवर त्यांना पार्ट ए फुकट मिळेल.

आता डायबेटिस आणि पुणे, ही दोन्ही एकत्रच बघा. मेडिकेअर भारतात छदाम देत नाही. मूळ मेडिकेअर इथंही साधारण ऐंशी टक्केच देतं, उरलेल्यासाठी मेडिगॅप हा खासगी कंपन्यांचा पूरक विमा. पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिने, म्हणजे तुमच्या बाबतीत मे ते ऑक्टोबर, मेडिगॅप विकणारी कंपनी तुमच्या साखरेचा आकडा विचारून नकार देऊ शकत नाही. नंतर देऊ शकते. पुण्याच्या विमानात बसायच्या आधी हे उरका. मेडिगॅपचा प्लॅन जी किंवा एन घेतलात तर परदेशातल्या तातडीच्या उपचारांचे, २५० डॉलर तुम्ही भरल्यावर, ऐंशी टक्के मिळतात; पण प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांत उद्भवलेलंच, आणि आयुष्यभरात मिळून पन्नास हजार डॉलरपर्यंत. तुमचा मुक्काम चार महिन्यांचा. जानेवारी-फेब्रुवारीसाठी प्रवासविमा वेगळा काढावाच लागेल, आणि तो डायबेटिस न लपवता काढा.

‘तिकडे असताना पार्ट बी बंद ठेवू का?’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचाराल. ठेवू नका. परत आल्यावर तीच जानेवारीची खिडकी.

मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजवाले (मूळ मेडिकेअरऐवजी घ्यायचे खासगी कंपन्यांचे प्लॅन विकणारे) मंडळाच्या गणपतीत टेबल मांडून पिशव्या वाटतात. पिशवी चांगली असते, घ्या. मी त्यात भाजी आणते. सही मात्र तिथं करू नका. प्रत्येक राज्यात शिप नावाची सरकारी सल्लासेवा आहे, फुकट, आणि ते काही विकत नाहीत. तुमचे डॉक्टर आणि औषधांची यादी घेऊन त्यांच्याकडे एकदा बसा.

लाल-पांढऱ्या-निळ्या रंगाचं कार्ड आलं की नावाखालची तारीख बघा. ए आणि बी दोन्हींपुढे १ मे २०२६ असायला हवी. ती बघितल्याशिवाय स्वतःचा कोब्रा बंद करू नका. आणि सोशल सिक्युरिटी चालू नसल्यामुळे पार्ट बीचे पैसे परस्पर कापले जाणार नाहीत, तीन महिन्यांचं एकदम ६०८.७० डॉलरचं बिल टपालानं येईल. तुम्ही कोथरूडला हुरडा खात असताना ते एडिसनच्या टपालपेटीत पडून राहिलं तर विमा जाऊ शकतो. बँकेतून आपोआप पैसे जाण्याची सोय आहे, ती नोव्हेंबरच्या आत लावून टाका.